तरुणांचे कलागुरू आचार्य नंदलाल बोस

नंदलाल बोस यांचा जन्म ३ डिसेंबर १८८२ रोजी बिहारमधील खडगपूर येथे झाला. अवनींद्रनाथ टागोरांचे हे पट्टशिष्य. तरुणपणी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करताना त्यांना भारतीय कलेचे मर्म उमगले. पुढे १९५१ पर्यंत त्यांनी शांतिनिकेतनातील कलाभवनाची धुरा वाहिली.

आपली शैली शिष्यांवर लादायची नाही, हे त्यांचे ब्रीद होते. म्हणूनच रामकिंकर बैज आणि विनोदबिहारी मुखर्जी यांच्यासारखे परस्परांहून सर्वस्वी भिन्न कलावंत त्यांच्या छायेत घडले. कलेवर तरुणांची उपजीविका व्हावी, यासाठी १९३० च्या सुमारास कारुसंघ उभा राहिला. १९३६ मध्ये गांधीजींच्या इच्छेनुसार त्यांनी खानदेशातील फैजपूरचे काँग्रेसनगर बांबूसारख्या साध्या, स्थानिक साहित्यातून सजविले. संविधानाच्या मूळ हस्तलिखिताची पाने सजविण्याचे राष्ट्रकार्य लाभले, तेव्हाही त्यांनी शिष्यांना त्यात सहभागी करून घेतले. त्या पानांवरील ध्यानस्थ भगवान महावीरांचे चित्र समस्त जैन समाजास अभिमानास्पद आहे.

१६ एप्रिल १९६६ रोजी ते निवर्तले. तरुणांवर विश्वास टाकून त्यांच्या हाती समाजाचे कार्य सोपविणे, हाच त्यांचा खरा वारसा होय.