दामोदर धर्मानंद कोसंबी : शंका आणि तराजू



मराठीच्या अभ्यासपुस्तिकेत एका गणितज्ञाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न तुम्हांला पडला असल्यास तो जपून ठेवा. व्यवहारात संशयी माणसाला आपण चांगले म्हणत नाही; त्याचे मन स्वच्छ नाही असे मानतो. विज्ञानातील संशय निराळा. तो कोणाच्या हेतूवर नसतो, विधानाच्या पुराव्यावर असतो. आणि पडताळणीचे श्रम शंका घेणाऱ्यावरच येऊन पडतात. हे श्रम कसे असतात ते कोसंबी यांच्या आयुष्यात पाहता येते.

त्यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबेन येथे झाला. वडील धर्मानंद हे बौद्ध विद्येचे थोर अभ्यासक. त्यांचे ‘निवेदन’ हे आत्मचरित्र वाचले नसल्यास अवश्य वाचा. १९१८ मध्ये दामोदर वडिलांबरोबर अमेरिकेस गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्डचे पदवीधर झाले. बनारस व अलीगढ येथे अध्यापन केल्यावर १९३३ पासून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले.

संख्याशास्त्राचा सराव म्हणून त्यांनी पुण्यात असतानाच प्राचीन आहत नाणी अभ्यासास घेतली. चांदीच्या या नाण्यांवर राजाचे नाव नसते, केवळ चिन्हे ठोकलेली असतात. त्या चिन्हांच्या अर्थाविषयी विद्वानांत तर्कांची रेलचेल होती. कोसंबींनी त्यात भर घातली नाही. त्यांनी तराजू आणला. नाणे हातोहात फिरताना झिजते, म्हणून एकाच साठ्यातील अधिक झिजलेले नाणे अधिक जुने, हा विचार सोपा आहे. परंतु झीज खरोखर नियमाने होते काय? ही शंका त्यांनी स्वतःच्याच विचारावर घेतली आणि आपल्या काळातील चलनी नाणी जमवून तोलली. त्यांवर टाकसाळीचे वर्ष असतेच, त्यामुळे अनुमानाची परीक्षा करता आली. वर्षे वाढतात तसे सरासरी वजन घटते आणि नाण्यानाण्यांतील तफावत वाढते, असे दिसून आले. तक्षशिलेच्या साठ्यात तर मागील बाजूच्या बारीक खुणा जितक्या अधिक, तितके सरासरी वजन कमी निघाले. त्या खुणा नाणी वेळोवेळी तपासताना उमटविलेल्या असाव्यात, असे अनुमान त्यांनी त्यावरून काढले.

भर्तृहरीच्या शतकांनाही त्यांनी हीच कसोटी लावली. शेकडो हस्तलिखिते ताडून पाहिल्यावर सर्व परंपरांना समान असे सुमारे २०० श्लोकच उरले. १९४८ मध्ये ही चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध झाली.

साहित्याच्या विद्यार्थ्याला अधिक जवळचे उदाहरण मात्र ‘मृच्छकटिक’ नाटकाचे आहे. त्यात चारुदत्त आपल्या मित्राला रात्री चव्हाट्यावर जाऊन मातृदेवतांना बली ठेवण्यास सांगतो. वाचक सहसा तेथून पुढे सरकतो. कोसंबींना प्रश्न पडला: चव्हाट्यावरच का? उत्तरासाठी ते पुण्याभोवतीच्या वाटा पायी हिंडले. शेंदूर फासलेल्या देवींच्या जागा, गारगोटीच्या बारीक हत्यारांच्या कपच्या, कार्ले-भाजे यांसारखी लेणी आणि जुने व्यापारी मार्ग यांचा त्यांनी मेळ घातला. शेती स्थिरावण्यापूर्वीच्या भटक्या टोळ्या जेथे एकमेकींना भेटत, त्या वाटांच्या संगमांवर ही पूजास्थाने उभी राहिली असावीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा लेख १९६२ च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या ग्रंथात आहे.

तुमच्यापैकी कोणी वारंगा फाट्याचे असतील. नांदेडहून अर्धापूरमार्गे आलेला रस्ता तेथे दुभंगतो. एक कळमनुरीवरून हिंगोलीस जातो, दुसरा हदगाव-उमरखेडवरून यवतमाळकडे. अशा फाट्यावर किंवा आपल्या शिवेवर शेंदराचा तांदळा दिसला, तर हा मार्ग प्राचीन आहे असे लगेच लिहू नका. रस्ता कधी आखला, रुंदीकरणात दगड हलवला काय, आसपास कपच्या सापडतात काय, वृद्ध स्त्रिया कोणत्या तिथीस तेथे नैवेद्य नेतात, हे विचारले नाही तर तुम्ही कोसंबींची पद्धत वापरली असे होत नाही. त्यांचा निष्कर्ष उसना घेतला, एवढेच होते.

गौरवलेखांत सहसा टाळला जाणारा एक भागही तुम्हांला ठाऊक असावा. १९४०च्या दशकाच्या मध्यापासून कोसंबी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. मूळ संख्यांच्या वाटणीशी निगडित असे रीमान यांचे अनुमान १८५९ पासून अनिर्णित आहे. ते सिद्ध केल्याचा दावा करणारा लेख कोसंबींनी १९५९ मध्ये कृषी-संख्याशास्त्राच्या पत्रिकेत प्रसिद्ध केला. त्याची मांडणी संभाव्यतेवर आधारलेली होती आणि गणितज्ञांनी ती सिद्धता म्हणून स्वीकारली नाही. हजार नाण्यांत दहा विपरीत निघाली तरी सरासरी टिकते. गणिती सिद्धतेला मात्र एकही अपवाद चालत नाही. स्वतःचे अनुमान काट्यावर ठेवणारा हा माणूस येथे पुरेसा थांबला नाही, असे खेदाने म्हणावे लागते. यामुळे त्यांचे नाणेशास्त्र खोटे ठरत नाही आणि नाणेशास्त्राच्या थोरवीने ही सिद्धता खरी ठरत नाही.

१९६२ मध्ये त्यांचा टाटा संस्थेशी संबंध संपला. अणुऊर्जेच्या धोरणावर ते उघड टीका करीत आणि सौरऊर्जेचा आग्रह धरीत. मतभेदाला हेही एक कारण होते. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. आहत नाण्यांच्या वजनावरून त्यांनी लावलेल्या कालक्रमाची चिकित्सा नंतरच्या नाणेतज्ज्ञांनी पुढे चालू ठेवली.