धंद्याचे कॉल पळवले जातायत म्हणून अंत्यविधीवाल्याने चक्क ऑटोमॅटिक टेलिफोन एक्स्चेंजच बनवलं!

आज इंटरनेटवरून साध्या लँडलाइनला फोन लावला तरी तो बरोबर त्याच घरात वाजतो. मधे कुणी माणूस बसलेला नसतो. ही सोय जगाला मिळवून देणारा माणूस ना इंजिनियर होता, ना शास्त्रज्ञ. तो मयताची व्यवस्था करायचा. त्याचं नाव अल्मन ब्राऊन स्ट्राउजर.

स्ट्राउजरचा जन्म १८३९ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या पेनफिल्डचा. यादवी युद्धात तो घोडदळात होता. नंतर शाळेत मास्तरकी केली आणि पुढे अंत्यविधीच्या धंद्यात शिरला. टोपेका आणि कॅन्सस सिटी या शहरांत त्याचं बस्तान होतं.

त्या काळी फोन लावायचा म्हणजे आधी एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरला सांगावं लागायचं. ती हाताने वायर खोचून दोन लाइन जोडायची. कॉल कुणाकडे जाणार, हे तिच्या हातात.

इथेच स्ट्राउजरचं डोकं फिरलं. गिऱ्हाइकं कमी होत होती. असं सांगतात की गावातल्या दुसऱ्या अंत्यविधीवाल्याची बायकोच ऑपरेटर होती आणि स्ट्राउजरचे कॉल ती नवऱ्याकडे वळवायची. या कथेची वेगवेगळी रूपं आहेत, पण ऑपरेटरवर त्याचा भरवसा उरला नव्हता, हे सगळ्यांत सारखं आहे.

दुसरा कुणी तक्रार करून गप्प बसला असता. स्ट्राउजरने ऑपरेटरची गरजच संपवायचं ठरवलं.

शर्टाच्या कॉलरचा गोल डबा आणि टाचण्या घेऊन त्याने पहिलं मॉडेल केलं, असं म्हणतात. प्रत्येक टाचणी म्हणजे एक लाइन. मधला दांडा फिरून हव्या त्या टाचणीला टेकला की कॉल जोडला गेला! १८८९ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १० मार्च १८९१ ला पेटंट मिळालं.

यातूनच पुढे जगभर चाललेला स्ट्राउजर स्विच घडला. त्याचं काम सोपं आहे. समजा, शेवटचे दोन आकडे ४ आणि ७ आहेत. ४ साठी लाइनवरून विजेचे चार झटके जातात, दांडा चार पायऱ्या वर चढतो. ७ साठी सात झटके, दांडा सात घरं आडवा फिरतो. दहा ओळी, प्रत्येकीत दहा घरं, म्हणजे एका स्विचवर १०० लाइन. नंबर मोठा असेल तर एका स्विचमागे दुसरा.

१८९१ मध्येच कंपनी उभी राहिली. ३ नोव्हेंबर १८९२ ला इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावात पहिलं सार्वजनिक ऑटोमॅटिक एक्स्चेंज सुरू झालं. ग्राहक होते साधारण ७५. तेव्हा गोल डायल नव्हती, बटणं मोजून दाबावी लागायची. डायल नंतर कंपनीतल्या कीथ आणि एरिक्सन बंधूंनी आणली.

पण स्ट्राउजरच्या हाती काय लागलं? १८९६ मध्ये त्याने आपली पेटंटं १,८०० डॉलरला आणि १८९८ मध्ये कंपनीतला वाटा १०,००० डॉलरला विकला. मग तो फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गला राहायला गेला आणि १९०२ मध्ये तिथेच वारला. १९१६ साली बेलच्या कंपनीने याच पेटंटांसाठी २५ लाख डॉलर मोजले!

भारतातही बंगळुरूच्या आयटीआय कारखान्यात स्ट्राउजर एक्स्चेंज बनायची. खटखट आवाज करणारी ही कपाटं पुढे डिजिटल एक्स्चेंजने हटवली.

आता हेच काम व्हॉइस ओव्हर आयपी गेटवे करतो. इंटरनेटवरून आवाज छोट्या छोट्या पॅकेटमधून येतो. गेटवे डायल केलेला नंबर बघतो, सुरुवातीचे आकडे आपल्या तक्त्यात शोधतो आणि कॉल कोणत्या नेटवर्कला द्यायचा ते ठरवतो. मग पॅकेटमधला आवाज त्या नेटवर्कला समजेल अशा रूपात बदलून पुढे पाठवतो. तिकडून आलेला आवाज परत पॅकेटमध्ये भरतो.

दांडा गेला, टाचण्या गेल्या. कॉलची वाट मात्र अजूनही लावणाऱ्याने दाबलेले आकडेच ठरवतात.