विश्वासू फलंदाज : विजय सॅम्युएल हजारे



भारतीय क्रिकेटमध्ये विजय हजारे करंडक नावाची स्पर्धा दरवर्षी खेळली जाते. २०१६-१७ पासून छत्तीसगढचा संघही तीत उतरू लागला. त्यामुळे रायपूर जिल्ह्यातील अभनपूरसारख्या गावी स्थायिक झालेल्या मराठी घरांतही हे नाव आता सांगली-पुण्याइतकेच परिचयाचे झाले आहे. परंतु हे विजय हजारे कोण, असे घरातील मुलाने विचारले, तर आपल्यापैकी कितीजण उत्तर देऊ शकतील? ते आपल्याच मराठी ख्रिस्ती समाजातील होते, एवढे तरी आपण त्याला सांगू शकू काय?

विजय सॅम्युएल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे झाला. वडील शाळाशिक्षक, घरात आठ मुले. अशा घरात पैशाची चणचण असते, पण नियमितपणाचे व मेहनतीचे वळण लहानपणीच लागते. हजारे यांच्या खेळात हे वळण अखेरपर्यंत दिसले. ते मितभाषी होते. मैदानावर त्यांनी कधी आदळआपट केली नाही. कसोटी सामन्यांत २०० बळी घेणारे पहिले गोलंदाज, ऑस्ट्रेलियाचे क्लॅरी ग्रिमेट हे प्रशिक्षक म्हणून भारतात आले, तेव्हा त्यांचे मार्गदर्शन या तरुणाला लाभले. १९३९-४० च्या हंगामात पुणे येथे महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध खेळताना हजारे यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. प्रथम श्रेणीच्या सामन्यात त्रिशतक करणारे ते पहिले भारतीय ठरले. पुढे बडोदे संस्थानाच्या आश्रयाने ते तेथेच स्थायिक झाले.

त्या काळच्या क्रिकेटची एक रीत आज आपल्याला चमत्कारिक वाटेल. मुंबईत संघ धर्मावरून पाडले जात. हिंदू, मुस्लिम, पारशी आणि युरोपियन असे चार संघ आधीपासून होते. १९३७ मध्ये त्यांत पाचव्या संघाची भर पडली, आणि त्याचे इंग्रजी नाव होते ‘द रेस्ट’, म्हणजे ‘उरलेले’. भारतीय ख्रिस्ती, यहुदी वगैरे ज्यांना इतर चार संघांत जागा नव्हती, त्यांचा हा संघ. धर्मावर आधारलेल्या या सामन्यांना महात्मा गांधींनी १९४० मध्ये उघड विरोध केला, आणि १९४६ नंतर ते कायमचे बंद पडले. ते बंद पडले हे योग्यच झाले. तरीही वाचकहो, ‘उरलेले’ या नावाखाली मैदानात उतरणाऱ्या तरुणाच्या मनाचा क्षणभर विचार करा. संख्येने थोडे असणे म्हणजे काय, हे आपल्या मंडळ्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

डिसेंबर १९४३ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर या स्पर्धेचा अंतिम सामना हिंदू संघ व ‘उरलेले’ यांच्यात झाला. त्याआधी मुस्लिम संघाविरुद्ध हजारे यांनी २४८ धावा करून स्पर्धेतील विक्रम केला होता. अंतिम सामन्यात विजय मर्चंट यांनी नाबाद २५० धावा करून तो मोडला, आणि हिंदू संघाने ५८१ धावांचा डोंगर उभा केला. ‘उरलेले’ १३३ धावांत आटोपले. त्यांत एकट्या हजारे यांच्या ५९ होत्या. दुसऱ्या डावात ते पुन्हा मैदानात उतरले. समोरचे गडी येत होते व जात होते. धाकटे बंधू विवेक मात्र एक बाजू धरून उभे राहिले. या दोघा भावांनी ३०० धावांची भागीदारी केली. तीत विवेक यांचा वाटा अवघा २१ धावांचा होता. पण त्या २१ धावांवाचून थोरल्या भावाची खेळी उभी राहू शकली नसती. संघाच्या एकूण ३८७ धावांपैकी ३०९ धावा एकट्या विजय हजारे यांच्या होत्या. तरीही सामना एक डाव ६१ धावांनी गमावला. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण हजारे यांच्या आयुष्यात ती वारंवार घडणार होती.

याच सुमारास दुसऱ्या महायुद्धामुळे आंतरराष्ट्रीय क्रिकेट थांबले होते. हजारे यांची ऐन उमेदीची वर्षे त्यात गेली, आणि पहिला कसोटी सामना खेळण्यासाठी त्यांना १९४६ पर्यंत थांबावे लागले. तेव्हा त्यांचे वय ३१ होते. अमेरिकेतील एका समकालीन खेळाडूचे जीवन येथे आठवते. बेसबॉलमध्ये मैदानाच्या डाव्या बाजूच्या दूरच्या भागाची राखण करणाऱ्यास लेफ्ट फिल्डर म्हणतात. या जागेवरील सर्वश्रेष्ठ खेळाडूंची नावे घेताना टेड विल्यम्स यांचे नाव अगदी आरंभी येते. ते १९१८ मध्ये जन्मले. त्यांची आई मुक्तिफौजेची निष्ठावंत कार्यकर्ती होती. १९४१ च्या हंगामात त्यांची फलंदाजीची सरासरी .४०६ होती, म्हणजे दर दहा संधींत चाराहून किंचित अधिक वेळा त्यांचा फटका सफल झाला. बेसबॉलमध्ये दहांत तीन वेळा साधणाराही उत्तम फलंदाज गणला जातो. त्यानंतर महायुद्धाने त्यांचे १९४३ ते १९४५ असे तीन पूर्ण हंगाम घेतले, आणि कोरियाच्या युद्धाने आणखी दोन हंगामांचा बहुतेक भाग घेतला. १९३९ ते १९६० पर्यंत ते बोस्टनच्या संघातून खेळले. परंतु अजिंक्यपदाची अंतिम मालिका त्यांच्या वाट्याला एकदाच, १९४६ मध्ये आली, आणि तीही त्यांचा संघ हरला. तरी अमेरिकेने त्यांना पराभूत मानले नाही. हजारे यांचे मोल ठरवताना आपणही हे लक्षात घ्यावे.

युद्धानंतरच्या १९४६-४७ च्या हंगामात रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात बडोद्याकडून होळकर संघाविरुद्ध हजारे यांनी २८८ आणि गुल महंमद यांनी ३१९ धावा केल्या. त्यांची ५७७ धावांची भागीदारी कोणत्याही गड्यासाठी जगातील सर्वांत मोठी ठरली, आणि तो विक्रम २००६ पर्यंत टिकला. फाळणीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या देशात एक ख्रिस्ती व एक मुसलमान फलंदाज एकाच संघासाठी इतका वेळ एकमेकांना साथ देत राहिले. धर्मावर संघ पाडणाऱ्या रीतीला याहून चांगले उत्तर कोणते?

जानेवारी १९४८ मध्ये स्वतंत्र भारताचा संघ ऑस्ट्रेलियात ॲडलेड येथे खेळत होता. यजमानांनी ६७४ धावा केल्या. डॉन ब्रॅडमन यांनी द्विशतक काढले. अखेर त्यांचा त्रिफळा हजारे यांनीच उडवला. भारताच्या पहिल्या डावात हजारे यांनी ११६ धावा केल्या. फॉलोऑन मिळाल्यावर दुसऱ्या डावात रे लिंडवॉल या वेगवान गोलंदाजाने ७ गडी बाद केले. त्याच माऱ्यासमोर हजारे यांनी १४५ धावा केल्या. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. सामना मात्र एक डाव १६ धावांनी गेला. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १९४९ मध्ये, मुंबईत वेस्ट इंडीजविरुद्ध विजयासाठी ३६१ धावा हव्या होत्या. हजारे यांनी १२२ धावा केल्या. वेळ संपली तेव्हा भारताच्या ८ बाद ३५५ धावा झाल्या होत्या. विजय केवळ सहा धावांनी दूर राहिला.

१९५१ मध्ये ते कर्णधार झाले. त्यांनी १४ कसोटींत नेतृत्व केले. त्यांपैकी ५ गमावल्या, ८ अनिर्णित राहिल्या आणि एकच जिंकली. परंतु ती एक कोणती, हे पाहा. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे भारताने इंग्लंडला एक डाव ८ धावांनी हरवले. १९३२ पासून कसोटी खेळणाऱ्या देशाचा तो पहिला विजय, आणि तोही पंचविसाव्या सामन्यात. विनू मांकड यांनी दोन्ही डावांत मिळून १२ बळी घेतले. पंकज रॉय व पॉली उम्रीगर यांनी शतके केली. त्या दिवशी श्रेय सहकाऱ्यांचे होते.

चारच महिन्यांनी लीड्स येथे दुसऱ्या डावात भारताच्या धावफलकावर एकही धाव नसताना चार गडी बाद झाले होते. असा आरंभ कसोटी क्रिकेटने पूर्वी पाहिला नव्हता. अशा वेळी कर्णधाराने ५६ धावा केल्या, आणि दत्तू फडकर यांच्यासह १०५ धावांची भागीदारी करून संघाची लाज राखली. सामना हरलाच. १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यानंतर त्यांची कसोटी कारकीर्द संपली. ३० कसोटींत ७ शतकांसह २१९२ धावा, आणि सरासरी ४७.६५. प्रथम श्रेणीत एकूण ६० शतके. १९६० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यात, वयाच्या नव्वदीच्या उंबरठ्यावर, त्यांचे निधन झाले.

वाचकहो, नव्या करारातील एका ग्रीक शब्दाशी पवित्र शास्त्राच्या भाषांतरकारांची नेहमी गाठ पडते. तो शब्द म्हणजे ‘पिस्तोस’. जो विश्वास ठेवतो तोही पिस्तोस, आणि ज्याच्यावर विश्वास टाकता येतो तोही पिस्तोस. मराठीत या दोन अर्थांसाठी बहुधा निरनिराळे शब्द योजावे लागतात. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील दाखल्यात हाच शब्द आहे. तेथे एका दासाने पाच हजार मिळवले, दुसऱ्याने दोन हजार. मिळकत निराळी, परंतु धन्याने दोघांची वाखाणणी अगदी त्याच शब्दांत केली. त्याने मिळकतीची तुलना केली नाही, दोघांचा विश्वासूपणा पाहिला.

आपल्यातील पुष्कळांचे श्रम हरणाऱ्या डावासारखे असतात. कोणी दहा-बारा घरांची मंडळी वर्षानुवर्षे सांभाळतो. कोणी बंद पडत चाललेल्या शाळेत शिकवत राहते. कोणी न उठणाऱ्या रुग्णाची सेवा करते. त्यांतील काहींना मद्रासचा दिवस दिसेल, काहींना दिसणार नाही. तो दिवस येवो वा न येवो, आपल्या बाजूची यष्टी राखणे मात्र आपल्याकडे आहे. आणि विवेक हजारे यांच्याप्रमाणे आपल्या वाट्याला केवळ २१ धावा आल्या, तरी त्या समोर उभ्या असलेल्या भावासाठी कराव्यात.