परतीची वाट नाकारणारा नान्सेन

बँकेत असताना कर्जाचे अनेक अर्ज माझ्या टेबलावरून गेले. फ्रिडयॉफ नान्सेनचा अर्ज आला असता तर मी तो नक्की परत पाठवला असता. तारण काही नाही आणि योजना काय, तर ग्रीनलंडचे बर्फाचे पठार स्कीवरून ओलांडायचे! तेही जवळजवळ निर्मनुष्य पूर्व किनाऱ्याकडून वस्ती असलेल्या पश्चिमेकडे. आधीचे धाडसी लोक पश्चिमेकडून निघत आणि फारच बिकट झाले की मागे फिरत. नान्सेनला ती सोयच नको होती. मागे ना अन्न, ना आसरा. जगायचे तर पुढेच जायचे. नॉर्वेच्या सरकारने पाच हजार क्रोनर द्यायला नकार दिला. ते दिले कोपनहेगनच्या गामेल नावाच्या व्यापाऱ्याने.

माणूस वेडा मात्र नव्हता. १८६१ चा जन्म, बेर्गेनच्या संग्रहालयात प्राणिशास्त्राचे काम. १८८४ च्या हिवाळ्यात स्कीच्या स्पर्धेसाठी हा गडी डोंगर ओलांडून राजधानीला गेला आणि डोंगरांतूनच परतला. १८८८ मध्ये मज्जासंस्थेवरचा प्रबंध परीक्षकांपुढे मांडला आणि चारच दिवसांत ग्रीनलंडकडे निघाला.

बरोबर पाचजण होते. त्यांतले बाल्टो आणि रावना हे उत्तरेकडचे सामी. रावना चाळिशी ओलांडलेला, घरी बायको आणि पाच मुले. नान्सेनला कीर्ती हवी होती, हे दोघे मजुरीसाठी आलेले. परतीची वाट तोडण्याचा निर्णय त्यांचा नव्हता, हे मला राहून राहून आठवते. १७ जुलैला जहाज सोडले. किनारा समोर दिसत होता, पण वाहत्या बर्फाने सगळ्यांना बारा दिवस दक्षिणेकडे नेले. तेव्हा हे दोघे होडीत ताडपत्रीखाली बसून बायबल वाचत होते.

उत्तरेकडे परत वल्हवत येऊन चढाई सुरू झाली ती थेट ऑगस्टच्या मध्यावर. सामानाच्या घसरगाड्या माणसांनीच ओढायच्या. पठाराची उंची २,७०० मीटरच्या वर, रात्री पारा उणे ४५ अंशांच्या आसपास. त्यात सुक्या मांसातली चरबी काढून टाकलेली निघाली! पोटात अन्न असूनही माणसे स्निग्ध पदार्थासाठी तळमळत होती. आपल्याकडे भातावरच्या तुपाची किंमत अशा वेळी कळावी. उतार लागल्यावर त्यांनी घसरगाड्या एकत्र बांधल्या, शिडे उभारली आणि वाऱ्यावर स्वार झाले.

३ ऑक्टोबरला नान्सेन गोटहॉबला पोचला. शेवटचे जहाज दूरच्या बंदरातून सुटण्याच्या बेतात होते. कयाकवाल्यांनी पत्रे नेली, ती जहाजाने घेतली, पण ते थांबले नाही. सहाहीजणांना हिवाळा तिथेच काढावा लागला. नान्सेन एस्किमोंकडून कयाक चालवायला शिकला.

१८८९ च्या मेमध्ये राजधानीत त्यांचे जंगी स्वागत झाले. पुढे 'फ्राम' जहाजाची मोहीम, निर्वासितांसाठीचे काम, १९२२ चे शांततेचे नोबेल. ती कथा सर्वांना ठाऊक आहे. बाल्टो नंतर अलास्काला गेला. तिथला एक प्रसिद्ध कुत्रा त्याच्याच नावाने ओळखला गेला. रावना मात्र बायकोमुलांकडे, आपल्या रेनडिअरच्या कळपाकडे परतला.