भाऊ दाजी लाड

डॉ. रामकृष्ण विठ्ठल लाड ऊर्फ भाऊ दाजी (इ.स. १८२२ – मे १८७४) हे एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे नामांकित धन्वंतरी, प्राच्यविद्या संशोधक, निबंधकार आणि सार्वजनिक कार्यकर्ते होते. काही ग्रंथांत त्यांचे नाव रामचंद्र असेही आढळते. कुष्ठरोगावरील उपचार, आर्यभटाच्या ग्रंथाची सत्यता सिद्ध करणारे संशोधन आणि भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाची उभारणी ही त्यांची विशेष कामगिरी मानली जाते. हे संग्रहालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

== बालपण व शिक्षण ==

भाऊ दाजींचा जन्म एका सामान्य स्थितीतील सारस्वत कुटुंबात झाला. जन्मगाव म्हणून गोव्यातील पेडणे भागातील मांद्रे या गावाचा उल्लेख केला जातो. जुन्या इंग्रजी चरित्रकोशांत मात्र सावंतवाडी संस्थानातील मांजरे असे नाव दिलेले आहे. वडील मातीच्या बाहुल्या विकून चरितार्थ चालवीत. मुलगा बुद्धिबळात विलक्षण तरबेज होता. त्याचा खेळ पाहून एका इंग्रज गृहस्थाने वडिलांना त्याला इंग्रजी शिक्षण देण्याचा सल्ला दिला, आणि त्यानुसार वडील त्याला घेऊन मुंबईस आले. पटावरील चातुर्य नजरेस पडले नसते, तर बाहुल्यांच्या धंद्यातच हे आयुष्य गेले असते.

एल्फिन्स्टन संस्थेतील शिक्षणानंतर भाऊ दाजी तेथेच शिक्षक झाले. याच सुमारास काठेवाड व कच्छमधील बालिकाहत्येच्या प्रथेवर निबंध लिहून त्यांनी सरकारी स्पर्धेत ६०० रुपयांचे पारितोषिक मिळविले. राजपूत घराण्यांत मुली जन्मताच का मारल्या जातात, हुंडा आणि कुलाभिमान यांचा त्यात वाटा किती, याची त्यांनी चिकित्सा केली.

मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू होताच शिक्षकाची नोकरी सोडून ते पुन्हा विद्यार्थी झाले. शवविच्छेदनाबद्दल समाजात तिटकारा असण्याचा तो काळ होता. १८५० च्या सुमारास या महाविद्यालयातून जी पहिली तुकडी बाहेर पडली, तीत भाऊ दाजी होते; त्यांचे धाकटे बंधू नारायण दाजी हेही पुढे डॉक्टर झाले.

== वैद्यकी व कुष्ठरोगावरील उपचार ==

दोघा बंधूंनी मुंबईत व्यवसाय सुरू केला आणि गरिबांसाठी धर्मार्थ दवाखानाही चालविला. भाऊ दाजींच्या हाताला यश होते. अल्पावधीत त्यांनी विपुल धन मिळविले. पाश्चात्त्य वैद्यक शिकूनही त्यांनी चरक-सुश्रुतांचे ग्रंथ बाजूला ठेवले नाहीत. प्राचीन ग्रंथांत ज्या वनस्पतींचे गुण वर्णिले आहेत, त्या रोग्यांवर वापरून पाहाव्यात आणि परिणामांची नोंद ठेवावी, अशी त्यांची पद्धत होती.

या प्रयत्नांतूनच ते कुष्ठरोगाकडे वळले. त्या काळी हा रोग आनुवंशिक की सांसर्गिक याविषयी युरोपातील वैद्यांतही एकमत नव्हते. नॉर्वेतील हान्सेन यांनी या रोगाचे जंतू दाखविले ते १८७३ साली, म्हणजे भाऊ दाजींच्या निधनाच्या केवळ एक वर्ष आधी. मुंबईच्या रस्त्यांवर महारोगी भीक मागत आणि त्यांच्यासाठी उपचार असा काही नव्हताच. भाऊ दाजींनी एका वनस्पतीच्या बियांचे तेल पोटात व बाहेरून देऊन अनेक रोग्यांवर उपचार केले. त्यांच्या यशाची वार्ता दूरवर पसरली आणि लांबलांबचे रोगी त्यांच्याकडे येऊ लागले.

तथापि औषध कोणते, हे मात्र त्यांनी उघड केले नाही. वैद्यकाच्या शास्त्रशुद्ध शिक्षणात वाढलेल्या पदवीधराने औषध गुप्त ठेवावे, ही गोष्ट त्यांच्या समव्यावसायिकांना खटकली आणि त्यावर टीका झाली. टीका गैरलागू नव्हती. जे औषध इतरांना पडताळून पाहता येत नाही, त्याच्या गुणाविषयी केवळ वैद्याच्या शब्दावर विसंबावे लागते. आणि शिलालेखाच्या बाबतीत दुसऱ्याच्या शब्दावर विसंबण्यास स्वतः भाऊ दाजी कधीच तयार नसत. पुरेसे रोगी तपासून होईपर्यंत निष्कर्ष जाहीर करू नये असे त्यांना वाटत असावे, असा बचाव करता येतो. काहीही असले तरी त्यांच्या हयातीत हा प्रश्न सुटला नाही.

त्यांच्या पश्चात वनस्पतिशास्त्राच्या जाणकारांनी हे तेल कोकणात व सह्याद्रीत होणाऱ्या कडू कवठाचे असल्याचे नमूद केले. सुश्रुतसंहितेत कुष्ठावर सांगितलेला तुवरक तो हाच, असे मानले जाते. कडू कवठ आणि त्याच्याच जातकुळीतील चौलमुग्रा यांची तेले पुढे जगभर कुष्ठरोगावर वापरली गेली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हवाई बेटांवर ॲलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञेने चौलमुग्रा तेल टोचून देण्याजोगे केले, आणि १९४० नंतर सल्फोन औषधे येईपर्यंत कुष्ठरोग्यांची मुख्य भिस्त या तेलांवरच होती. हा रोग मुळापासून बरा करण्याची शक्ती त्यांत नव्हती, हेही नोंदविले पाहिजे.

== महाराज खटला ==

'सत्यप्रकाश' या गुजराती पत्राचे संपादक करसनदास मुळजी यांनी १८६० साली वैष्णव महाराजांच्या अनाचारावर लेख लिहिला. त्यावरून जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद केली. १८६२ च्या आरंभी मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली. फिर्यादी महाराजांना गुप्तरोग झाला होता की नाही, हा त्यातील कळीचा मुद्दा ठरला. महाराजांनी शपथेवर इन्कार केला. भाऊ दाजी व धीरजराम दलपतराम या डॉक्टरांनी त्याविरुद्ध साक्ष दिली. एप्रिल १८६२ मध्ये लागलेला निकाल मुख्यतः करसनदासांच्या बाजूचा होता.

आजच्या वैद्यकीय नीतीच्या दृष्टीने ही साक्ष सोपी नाही. रोग्याचे गुपित वैद्याने राखावे हा संकेत तेव्हाही होता, पण न्यायालयाने विचारले असता खोटे बोलणे किंवा गप्प बसणे हा मार्ग भाऊ दाजींनी पत्करला नाही. महाराजांचे अनुयायी शहरातील अत्यंत धनाढ्य व्यापारी होते. वैद्यकीवर पोट भरणाऱ्या माणसाने त्यांचा रोष ओढवून घेणे ही लहान गोष्ट नव्हती.

== प्राच्यविद्या संशोधन ==

दवाखान्यातून उरलेला वेळ व मिळालेला पैसा भाऊ दाजींनी हस्तलिखिते, नाणी आणि शिलालेख यांवर खर्च केला. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यांचे अनेक निबंध प्रसिद्ध झाले. अजिंठ्याचे लेख तसेच जुनागढच्या खडकावरील रुद्रदामा व स्कंदगुप्त यांचे लेख त्यांनी नव्याने वाचून प्रसिद्ध केले. कालिदास म्हणजे 'राजतरंगिणी'त आलेला मातृगुप्त, आणि त्याचा काळ सहावे शतक, असे मत त्यांनी मांडले. हे मत पुढे टिकले नाही. तरीही दंतकथा दूर सारून पुराव्यावर कवीचा काळ ठरविण्याचा हा एका भारतीय विद्वानाचा प्रारंभीचा प्रयत्न होता.

त्यांचे सर्वांत टिकाऊ संशोधन ज्योतिषशास्त्राच्या इतिहासातील आहे. पाश्चात्त्य अभ्यासकांना आर्यभटाचा मूळ ग्रंथ मिळालेला नव्हता. त्याच नावाच्या नंतरच्या ज्योतिष्याचा ग्रंथ त्याच्या नावावर घालण्यात येत असल्याने कालनिर्णयात मोठा गोंधळ माजला होता. भाऊ दाजींनी दक्षिणेतून मल्याळम लिपीतील ताडपत्री पोथ्या मिळविल्या, त्या इतर ज्योतिष्यांनी घेतलेल्या उताऱ्यांशी ताडून पाहिल्या आणि 'आर्यभटीय' हाच अस्सल ग्रंथ असल्याचे दाखविले. इ.स. ४७६ हे आर्यभटाचे जन्मवर्ष त्यामुळे निश्चित झाले. वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भटोत्पल व भास्कराचार्य यांच्या काळाचीही चर्चा करणारा हा निबंध १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. 'आर्यभटीय'ची केर्न यांनी सिद्ध केलेली मुद्रित आवृत्ती लायडेन येथे निघाली, ती भाऊ दाजींच्या मृत्यूच्याच वर्षी.

याच निबंधात त्यांनी चाळीसगावजवळील पाटणे येथील शिलालेख उजेडात आणला. यादव राजा सिंघण याच्या पदरी असलेला ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. आजोबांच्या 'सिद्धांतशिरोमणी' आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने मठ स्थापिला आणि त्याला दाने मिळाली, अशी माहिती या लेखातून मिळते. मराठी मुलखात गणिताचे पद्धतशीर अध्यापन चालत असल्याचा हा मोलाचा पुरावा आहे.

या कामात जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांचा वाटा मोठा होता. भाऊ दाजींच्या खर्चाने भगवानलाल वर्षानुवर्षे हिंदुस्थानभर हिंडले, लेण्यांत व जंगलांत राहून लेखांचे ठसे घेतले आणि थेट नेपाळपर्यंत गेले. निबंधांवर नाव मात्र डॉक्टरांचे असे, आणि भगवानलालांची योग्यता विद्वानांस पुरती कळली ती भाऊ दाजींच्या निधनानंतर. १८८४ साली लायडेन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

== सार्वजनिक कार्य ==

१८५२ साली स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते आद्य चिटणीसांपैकी एक होते. हिंदी प्रजेच्या तक्रारी या संस्थेने ब्रिटिश पार्लमेंटपुढे मांडल्या. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या सभासदांत त्यांची नेमणूक झाली. स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीचे ते पहिले हिंदी अध्यक्ष. स्त्रीशिक्षणाचे ते कट्टे पुरस्कर्ते असल्याने त्यांच्या चाहत्यांनी निधी जमवून त्यांच्या नावे मुलींची शाळा चालविली. विष्णुदास भावे यांची नाटक मंडळी १८५३ साली सांगलीहून मुंबईस आली, तेव्हा जगन्नाथ शंकरशेट यांच्याबरोबर भाऊ दाजींनीही तिला आश्रय दिला. छायाचित्रण ही कला हिंदुस्थानात नवीन असताना दोघे बंधू तिच्या नादी लागले होते. नारायण दाजींनी तर तीत नाव मिळविले. १८६९ व १८७१ अशी दोनदा भाऊ दाजींची मुंबईचे नगरपाल म्हणून नियुक्ती झाली.

जॉर्ज बर्डवुड यांच्यासह त्यांनी मुंबईत वस्तुसंग्रहालय उभारण्यासाठी वर्गणी जमविली. १८६२ साली भायखळ्याच्या इमारतीची पायाभरणी झाली आणि १८७२ साली व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम लोकांसाठी खुले झाले.

== अखेरची वर्षे ==

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले आणि मुंबईत शेअरबाजाराचे वेड पसरले. युद्ध संपताच १८६५ साली तो फुगा फुटला. त्यात अनेक घराणी बुडाली. भाऊ दाजींचीही संपत्ती गेली. त्यानंतरही त्यांनी रोगी तपासणे व पोथ्या जमविणे सोडले नाही, पण प्रकृती खालावत गेली व अखेरीस अर्धांगवायूने त्यांना गाठले. मे १८७४ मध्ये, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षाच्या सुमारास त्यांचे निधन झाले. त्या वेळी भगवानलाल उत्तरेच्या प्रवासातच होते.

भाऊ दाजींचे विखुरलेले निबंध पुढे रामचंद्र घोष यांनी संकलित करून कलकत्त्याहून प्रसिद्ध केले. भायखळ्याच्या संग्रहालयास १९७५ साली त्यांचे नाव देण्यात आले. माटुंग्यातील एक रस्ताही त्यांच्या नावाने ओळखला जातो.