कळफलकाचा जनक

उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूर येथील एखाद्या संगणक वर्गात जा. मुले-मुली कळफलकावर टंकलेखनाचा सराव करताना दिसतील. संगणकावर खेळ खेळणारी काही मुले तर कळफलकाच्या कळा बदलून घेतात. कोणाला हलकी कळ आवडते, तर कोणाला टकटक वाजणारी. माऊस घेतानाही तो आपल्या हातात नीट बसतो की नाही, हे ती आधी पाहतात. यंत्र माणसाच्या हाताला जुळले पाहिजे, ही गोष्ट दीडशे वर्षांपूर्वी एका माणसाने फार कष्टाने शिकून घेतली. त्यांचे नाव क्रिस्टोफर लॅथम शोल्स.

शोल्स यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८१९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात झाला. लहान वयातच ते छापखान्यातील काम शिकले. पुढे विस्कॉन्सिन राज्यात त्यांनी वृत्तपत्रे चालवली. ते तेथील विधिमंडळाचे सभासदही झाले. १८५३ साली त्या राज्यात फाशीची शिक्षा रद्द झाली. त्या कामात शोल्स यांचा मोठा वाटा होता.

त्यांना यंत्रांची फार आवड होती. मिलवॉकी शहरातील एका लहान कारखान्यात ते आणि त्यांचे मित्र सॅम्युएल सोल पानांवर आकडे छापण्याचे यंत्र तयार करत होते. तेथे येणाऱ्या कार्लोस ग्लिडन यांनी त्यांना विचारले की, आकडे छापता येतात, मग अक्षरे का छापता येऊ नयेत? हा प्रश्न शोल्स यांच्या मनात घर करून राहिला. तिघांनी मेहनत केली आणि जून १८६८ मध्ये टंकलेखन यंत्राचे पेटंट मिळवले. त्या यंत्राला हार्मोनियमसारख्या पट्ट्या होत्या. पट्टी दाबली की एक दांडा उठे आणि त्याच्या टोकावरचे अक्षर कागदावर उमटे.

यंत्र चालले, पण खरी परीक्षा पुढेच होती. जेम्स डेन्समोर या भागीदाराने यंत्रे जलद लिहिणाऱ्या लोकांकडे पाठवली. वॉशिंग्टनचे लघुलेखक जेम्स क्लेफेन रोज यंत्र वापरत, ते मोडून टाकत आणि त्यातील दोषांची लांबलचक यादी पाठवत. शोल्स निराश झाले. हे काम सोडून द्यावे, असे त्यांना वाटू लागले. डेन्समोर यांनी त्यांना समजावले की, दोष आजच कळलेले बरे. लोकांनी यंत्र विकत घेतल्यावर कळले तर ते कोणीच घेणार नाही. शोल्स यांना ते पटले. त्यांनी एकामागून एक नवे नमुने बनवले. पट्ट्यांच्या जागी गोल कळा आल्या. सुरुवातीला अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने होती. वापरणाऱ्यांच्या अडचणी पाहून ती वारंवार हलवली गेली. आजही इंग्रजी कळफलकाची मधली ओळ पाहा. डी, एफ, जी, एच, जे, के, एल ही अक्षरे जवळजवळ जुन्याच क्रमाने बसली आहेत!

१८७३ साली हे यंत्र बनवण्याचे काम रेमिंग्टन कंपनीकडे गेले. अंबरनाथला शस्त्रांचा कारखाना आहे, तशी रेमिंग्टन ही बंदुका बनवणारी कंपनी होती. ती शिवणयंत्रेही बनवत असे. म्हणून १८७४ साली बाजारात आलेले टंकलेखन यंत्र शिवणयंत्रासारखे दिसे. त्यावर फुले रंगवलेली होती आणि नवी ओळ सुरू करण्यासाठी पायाने पायटा दाबावा लागे. त्याची किंमत १२५ डॉलर होती. त्यावर फक्त मोठी अक्षरे उमटत. लहान अक्षरांची सोय १८७८ साली झाली.

शोल्स यांनी आपले हक्क १२,००० डॉलरला विकले. पुढे या यंत्रावर इतरांनी पुष्कळ पैसा कमावला. शोल्स श्रीमंत झाले नाहीत. त्यांना क्षयरोग जडला. तरीही यंत्रात सुधारणा करणे त्यांनी थांबवले नाही. टंकलेखनामुळे हजारो स्त्रियांना कचेऱ्यांत नोकरी मिळाली, याचे त्यांना मोठे समाधान होते. १७ फेब्रुवारी १८९० रोजी मिलवॉकी येथे त्यांचे निधन झाले.

पुढे देवनागरी आणि उर्दू लिपींसाठीही टंकलेखन यंत्रे झाली. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे असतात. उर्दूत शब्दातील जागेप्रमाणे अक्षराचा आकार बदलतो. हे सारे मोजक्या कळांवर बसवणे सोपे नव्हते. मुंबईत गोदरेज कंपनीने १९५५ साली भारतीय टंकलेखन यंत्र बनवले. २००९ साली तिने हे काम बंद केले, कारण तोपर्यंत संगणक सर्वत्र पोहोचला होता.

टंकलेखन यंत्र गेले, पण शोल्स यांचा कळफलक संगणकावर आणि मोबाइलवर राहिला. तो त्यांच्या एकट्याच्या हुशारीने घडला नाही. दुसऱ्याने दाखवलेला दोष त्यांनी मनाला लागला तरी ऐकला, म्हणून तो घडला. आपल्या वहीवर गुरुजींनी लाल शाईने खूण केली, तर शोल्स यांची आठवण ठेवा आणि पुन्हा लिहायला बसा.