पावतीपुस्तक आणि पार्वतीबाई

गेल्या श्रावणातली गोष्ट. आमच्या तामलवाडीतल्या एका पोरीला सोलापूरला कॉलेजात प्रवेश मिळाला, पण होस्टेल अन् मेसचे पैसे काही जमेनात. बचत गटातल्या आम्ही पाचजणींनी ठरवलं, वर्गणी काढायची. पावतीपुस्तक माझ्या हातात आलं आणि मैत्रिणींनो, खरं सांगते, पहिल्याच दारात माझी जीभ टाळूला चिकटली. तुळजापूरला पायी निघालेल्यांना चहा-पाणी द्यायला मी कधी लाजले नाही. पण दुसऱ्याच्या दारात पैसे मागायचे? लोक काय म्हणतील?

त्या रात्री मला पार्वतीबाई आठवले यांची आठवण झाली.

पार्वतीबाईंचा जन्म 1870 चा, कोकणातल्या देवरुखचा. अकराव्या वर्षी लग्न आणि विसाव्या वर्षी वैधव्य. पदरात लहान मुलगा. त्या काळच्या रीतीप्रमाणे केशवपन झालेलं, अंगावर आलवण. पुढचं सगळं आयुष्य माहेरच्या स्वयंपाकघरात संपायचं, हे जणू ठरलेलंच होतं. पण त्यांची थोरली बहीण गोदूबाई हीसुद्धा विधवा. तिने 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. त्याच कर्व्यांनी 1896 मध्ये पुण्यात विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. पार्वतीबाई पुण्याला आल्या आणि सव्विशीच्या सुमाराला शिकायला बसल्या. आज आपण तिशीत कंप्युटर शिकायला कचरतो. त्यांनी त्या वयात अक्षरांपासून सुरुवात केली!

शिकल्या, आश्रमात शिकवू लागल्या, तिथल्या व्यवस्थेचा भार सांभाळू लागल्या. पण आश्रम चालणार कशावर? मुलींच्या जेवणाला पैसे लागतात, हिंगण्याला खोल्या बांधायला लागतात. मग पार्वतीबाई वर्गणीसाठी बाहेर पडल्या. एक विधवा बाई परगावी जाते, सभेत उभी राहते, अनोळखी पुरुषांपुढे बोलते, ही गोष्टच तेव्हा आक्रीत होती. लोकांच्या नजरा, टोमणे, नकार हे सारं वाट्याला आलं. पुढे त्यांनी केशवपन बंद केलं, त्यावरूनही टीका झाली. तरी झोळी खाली ठेवली नाही. आश्रमाचा दरसालचा अहवाल छापला जाई. मागायचं आणि हिशोब द्यायचा, अशी ती रीत होती.

1916 साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. 1918 मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पार्वतीबाई थेट अमेरिकेला गेल्या. इंग्रजी जेमतेम, हातात पैसा नाही. लोकांच्या घरी घरकाम केलं, इंग्रजी शिकल्या आणि संस्थेसाठी मदतही मागितली. 1928 मध्ये त्यांनी ‘माझी कहाणी’ हे आत्मचरित्र लिहिलं. दोन वर्षांनी त्याचं इंग्रजी भाषांतरही निघालं.

1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी विद्यापीठाला पंधरा लाखांची देणगी दिली. त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं नाव विद्यापीठाला लागलं. ते योग्यच. पण दारोदार फिरून गोळा केलेल्या रुपया-दोन रुपयांना कुणाचं नाव लागतं? त्या रुपयांनीच संस्था सुरुवातीची वर्षं जगली ना!

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. हिंगण्याच्या त्या आश्रमात सुरुवातीला प्रामुख्याने ब्राह्मण विधवाच होत्या. गावकुसाबाहेरच्या पोरीला ते दार लांबच होतं. त्याच महाराष्ट्रात पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याला सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवलं. ते वसतिगृह चालावं म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा मोडलं. मागणारी कोण आणि कुणासाठी मागते, यावर शिक्षणाचं दार किती उघडतं ते ठरतं.

हे मनात आलं आणि मी आमची यादी पुन्हा पाहिली. तर काय, सगळी घरं आमच्याच आळीतली, आमच्याच भावकीतली! वर्गणी काढणाऱ्या आम्ही पाचहीजणी एकाच आळीतल्या, मग दुसरं काय होणार? दुसऱ्या दिवशी वस्तीवरच्या दोघींना बरोबर घेतलं. त्या ज्या घरांत गेल्या, तिथे आम्ही कधी पाऊलही ठेवलं नव्हतं. कुणी पन्नास दिले, कुणी दहा. मजुरी करून आलेल्या एका मावशींनी कनवटीची नोट काढून दिली आणि माझ्या नातीच्या वेळी पण याल ना, असं विचारलं.

पोरगी सोलापूरला गेली. हिशोबाचा कागद आम्ही देवळाच्या भिंतीवर लावला. पावतीपुस्तक मात्र कपाटात ठेवलेलं नाही. त्या मावशींची नात यंदा दहावीला आहे.